चौपट पगाराचे पाहुणे

पोर्तुगाल सरकारने ३० ऑक्टोबर २०२२ पासून परकीयांसाठी एक नवा व्हिसा सुरू केला. परदेशातील मालकाचे वा ग्राहकांचे काम संगणकाच्या साहाय्याने दुरून करणाऱ्या माणसाला या व्हिसावर पोर्तुगालात येऊन राहता येते. मुख्य अटी दोनच आहेत. काम पोर्तुगीज मालकाचे नसावे आणि मासिक प्राप्ती पोर्तुगालमधील किमान वेतनाच्या निदान चौपट असावी. त्या वर्षी तेथील किमान वेतन ७०५ युरो होते; सबब अर्जदाराची मिळकत २,८२० युरो असणे भाग होते. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरोंवर गेले आणि अट ३,४८० युरोंची झाली. २०२६ साठी वेतन ९२० युरो ठरले, तेव्हा अटही आपोआप ३,६८० युरोंवर चढली. कायद्यातील आकडे इतके बोलके क्वचितच असतात. यजमानाच्या देशात जो मजूर कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनावर राबतो त्याच्या चौपट मिळवणारा पाहुणाच हवा, असे एका राज्यसंस्थेने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. आणि मग त्या दोघांना एकाच शहरात, एकाच गल्लीत, भाड्याचे घर शोधावयास सोडून दिले आहे.

हा प्रकार एकट्या पोर्तुगालचा नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीने विमाने जमिनीवर उतरवली आणि हॉटेले ओस पाडली. त्याच सुमारास जगभरच्या कचेऱ्यांनी नोकरवर्गाला घरून काम करावयास सांगितले. या दोन घटनांची सांगड प्रथम घातली ती पर्यटनावर जगणाऱ्या लहान देशांनी. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळवणाऱ्यांना बारा महिन्यांचे आमंत्रण धाडले. ऑगस्टमध्ये एस्टोनिया पुढे आला, पुढील वर्षाच्या आरंभी क्रोएशिया. स्पेनने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने, इटलीने एप्रिल २०२४ मध्ये हीच वाट धरली. परकीयांच्या बाबतीत एरवी अत्यंत काटेकोर असलेल्या जपाननेही मार्च २०२४ अखेर वर्षाला एक कोटी येन मिळवणाऱ्यांसाठी सहा महिन्यांपुरते दार किलकिले केले; ज्या देशांच्या नागरिकांना ही सवलत मिळाली त्यांच्या यादीत मात्र भारत नव्हता. थायलंडने त्याच वर्षी जुलैमध्ये पाच लाख बाथची शिल्लक दाखवणाऱ्यास पाच वर्षांचा व्हिसा देऊ केला. तपशील देशागणिक निराळे आहेत. परंतु अर्जदाराच्या भाषेची, त्या देशाशी असलेल्या त्याच्या नात्याची वा तेथे कायम राहण्याच्या त्याच्या इराद्याची चौकशी गौण आणि प्राप्तीचा पुरावा प्रधान, हे सूत्र सर्वत्र समान आहे. उंटावरून शेळ्या हाकणे हा मराठीत एके काळी दोष समजला जाई; आता त्यासाठी रीतसर व्हिसा मिळतो.

अशा माणसांना इंग्रजीत ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. या शब्दाचे मराठी करू जाता एक अडचण उभी राहते, आणि ती केवळ भाषेची नाही. ‘भटका’ हा शब्द महाराष्ट्रात पारधी, वैदू, कैकाडी, नंदीवाले यांच्या वाट्याला आलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने यांतील कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसला गेला ऑगस्ट १९५२ मध्ये. तरीही गावकुसाबाहेर पाल पडले की पोलिसांची फेरी ठरलेली, आणि कायम ठिकाण नाही म्हणून रहिवासाचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून शिधापत्रिका नाही, हे चक्र पुढेही फिरतच राहिले. स्थिर घर नसणे हा ज्या जगात गरिबाचा अपराध ठरतो त्याच जगात ते सधन माणसाचे भूषण ठरते, आणि त्यासाठी पन्नासाहून अधिक सरकारे पायघड्या अंथरतात. भटकेपणाचा हा नवा मान भटकण्याला नसून बँकेच्या पुस्तकाला आहे, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तथापि या व्हिसाची हेटाळणी करून भागणार नाही. पुण्यातील हिंजवडीत वा नवी मुंबईत बसून अमेरिकन कंपनीचे काम करणाऱ्या तरुणाला त्याचे आकर्षण वाटते, आणि ते वाटण्यास सबळ कारणे आहेत. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा नोकराला मालकाच्या दावणीला बांधतो. नोकरी सुटली की देश सुटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. उलट या नव्या व्हिसात स्थानिक मालकाची मेहेरबानी लागत नाही, सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि काम बदलले तरी प्राप्ती टिकली की भागते. अमेरिकन वा ब्रिटिश नागरिक पूर्वीही नव्वद दिवस युरोपात विनाव्हिसा जाऊन कॅफेत संगणक उघडून बसत असे. त्याची कोणी फारशी दखल घेत नसे. भारतीय पारपत्रधारकाला ती चैन कधीच उपलब्ध नव्हती. त्याच्या दृष्टीने हा व्हिसा म्हणजे केवळ हौस नसून, जन्माने मिळालेल्या पारपत्राने बंद ठेवलेले एक दार आपल्या कर्तबगारीने उघडण्याची संधी आहे. ती घेणाऱ्याला देशद्रोही वा सुखलोलुप ठरवणे हा निव्वळ दुष्टावा होईल.

परंतु संधी कोणाला, हेही पाहिले पाहिजे. ३,६८० युरो म्हणजे दरमहा साडेतीन लाख रुपयांहून अधिक प्राप्ती. भारतीय कंपनीत भारतीय पगारावर असलेल्या बहुसंख्य अभियंत्यांना हा आकडा गाठता येत नाही. जो डॉलरमध्ये मिळवतो त्यालाच तो गाठता येतो. शिवाय भारतीय मालकाने दिलेली घरून कामाची मुभा ही परदेशातून कामाची मुभा नसते. नोकर दुसऱ्या देशात बसून काम करू लागला की कंपनीवर त्या देशाचा कर लागू होण्याची भीती असते, ग्राहकाच्या माहितीच्या गुप्ततेचे करार आडवे येतात, आणि भविष्यनिर्वाह निधीपासून आजारपणाच्या विम्यापर्यंत प्रत्येक बाबीत कोणत्या देशाचा कायदा लागू, हा प्रश्न पडतो. पोर्तुगालात वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा तेथील करदाता ठरतो. परकीय तज्ज्ञांकडून दहा वर्षेपर्यंत सरसकट वीस टक्केच कर घेण्याची जी सवलत २००९ पासून चालू होती तिचे दार २०२४ च्या आरंभी नव्या सामान्य अर्जदारांना बंद झाले. तिच्या जागी आलेली योजना संशोधन व तत्सम ठरावीक कामांपुरतीच आहे. सर्वसाधारण दर वरच्या पायरीवर ४८ टक्क्यांपर्यंत चढतो. व्हिसा हाती पडल्यावरही प्रत्यक्ष वास्तव्याचा परवाना मिळवण्यासाठी ज्या कचेरीची पायरी चढावी लागते, तिने २९ ऑक्टोबर २०२३ रोजी कारभार हाती घेतला तो सुमारे साडेतीन लाख तुंबलेल्या प्रकरणांसह. नागरिकत्वासाठी लागणारे पाच वर्षांचे वास्तव्य बहुतेक परकीयांसाठी दहा वर्षांवर नेण्याचे विधेयकही तेथील संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये संमत केले. समुद्रकिनारी बसून काम करणाऱ्या तरुणाच्या जाहिरातीतील चित्रात यांतील काहीच दिसत नाही.

पोर्तुगालने हा मार्ग का पत्करला, याचा इतिहास उद्‌बोधक आहे. हा देश मुळात माणसे निर्यात करणारा. सालाझारच्या राजवटीत १९६० च्या दशकात लक्षावधी पोर्तुगीज शेतकरी व मजूर पिरेनीज ओलांडून चोरवाटेने फ्रान्सला गेले आणि पॅरिसच्या वेशीवरील शांपिन्यीच्या झोपडपट्टीत चिखल तुडवीत राहिले. २०११ मध्ये देशाला ७८ अब्ज युरोंचे कर्ज घेऊन दिवाळखोरी टाळावी लागली, आणि त्याच वर्षी खुद्द पंतप्रधानांनी बेकार शिक्षकांना ब्राझील वा अंगोलाकडे पाहण्याचा सल्ला दिला. तरुण जाऊ लागले. मग तिजोरी भरणार कशी? २०१२ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा सैल करण्यात आला. त्याच वर्षी पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परकीयास वास्तव्याचा परवाना देणारा ‘सुवर्ण व्हिसा’ निघाला. २०१४ पासून राहती घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्याचा धंदा कायद्याच्या चौकटीत बसवण्यात येऊन फोफावला. दूरस्थ कामगारांचा व्हिसा हा या मालिकेतला शेवटचा दुवा होय. घरच्या तरुणांनी बाहेर जावे आणि त्यांच्या रिकाम्या खोलीत बाहेरच्या तरुणांनी चौपट पैसे घेऊन उतरावे, असा हा एकंदर हिशेब आहे.

या धोरणाच्या उत्तरकाळात देशाचे सुकाणू ज्यांच्या हाती होते ते अंतोनियु कॉस्ता हे गोमंतकीय वंशाचे. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच कॉस्तांनी करसवलत आणखी चालू ठेवणे म्हणजे करविषयक अन्याय लांबवणे होय, अशी कबुली दिली. त्या सुमारास घर खरेदीवर मिळणारा सुवर्ण व्हिसाही बंद झाला. तत्पूर्वी १ एप्रिल २०२३ रोजी लिस्बन, पोर्तो आदी शहरांत ‘राहण्यासाठी घर’ या मागणीचे हजारोंचे मोर्चे निघाले होते. लिस्बनच्या मध्यवस्तीत लहानशा घराचे भाडेही किमान वेतनाच्या पुढे गेले होते; परिचारिका, शिक्षक, बसचालक यांना आपल्याच शहरात राहणे परवडेनासे झाले होते. या महागाईचे सारे खापर दूरस्थ कामगारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्यांची संख्या पर्यटकांच्या मानाने अगदी थोडी. सरकारने अनेक वर्षे स्वस्त घरे बांधली नाहीत, हा दोष त्याहून कितीतरी मोठा. परंतु बाजारात भाव ठरतो तो सरासरी गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर नव्हे. गल्लीत दहा घरे रिकामी असताना चौपट पगाराचे तीन भाडेकरू येणार, एवढ्या वार्तेनेही दहाही घरमालकांच्या अपेक्षा वाढतात.

आता या चित्राचा दुसरा भाग. लिस्बनच्या दक्षिणेस आलेंतेजु प्रांतात ओदेमिरा नावाचा तालुका आहे. तेथे मैलोगणती पसरलेल्या प्लॅस्टिकच्या छपरांखाली रासबेरी व तत्सम फळे पिकतात आणि युरोपच्या बाजारात जातात. ती खुडणारे हात नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी आहेत. २०२१ च्या एप्रिल अखेरीस करोनामुळे तेथील दोन गावांची नाकेबंदी करावी लागली, तेव्हा हे मजूर एकेका घरात किती दाटीवाटीने राहतात ते साऱ्या देशाला प्रथमच कळले. यांना चौपट वेतनाचा व्हिसा नव्हता. मिळेल त्या मार्गाने येऊन, काम धरून, सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरून, मग वास्तव्य नियमित करून घेण्याची एक वाट कायद्याने त्यांना ठेवली होती. जून २०२४ मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. चौपट पगाराचे दार मात्र उघडेच राहिले. पोर्तुगालला भाकरी-भाजी पुरवणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, हॉटेलांतील भांडी विसळणाऱ्या परकीयांवाचून त्या देशाचे एक दिवसही चालणार नाही. दूरस्थ कामगारांवाचून ते खुशाल चालेल. तरीही स्वागत कोणाचे आणि संशय कोणाचा, हे असे ठरले.

आणि येथेच मराठी तरुणाचा खरा संबंध पोचतो. लिस्बनच्या मार्तिम मोनीझ चौकाला लागून बेन्फोर्मोझु नावाची गल्ली आहे. बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी दुकानांनी ती गजबजलेली असते. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी त्या गल्लीत छापा घातला आणि रस्त्यावर असलेल्या माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून ओळीने उभे केले. (गोवा मुक्तीचा तो त्रेसष्टावा वाढदिवस होता, हा योगायोगच.) ते छायाचित्र देशभर गाजले, निषेधाच्या सभा झाल्या, तसे समर्थनही झाले. परकीयद्वेषावर पोसलेल्या ‘शेगा’ पक्षाला २०१९ मध्ये संसदेत एक जागा होती. २०२२ मध्ये बारा, २०२४ मध्ये पन्नास आणि मे २०२५ मध्ये २३० पैकी साठ जागा जिंकून तो प्रमुख विरोधी पक्ष बनला. त्याच्या नेत्याने अध्यक्षपदाच्या प्रचारात लावलेल्या फलकांवर ‘हा बांगलादेश नव्हे’ अशी अक्षरे झळकली. घरभाड्याने हैराण झालेल्या पोर्तुगीज मतदाराचा राग असा वळवण्यात आला. बर्लिनहून वा बोस्टनहून येऊन आल्फामाच्या टेकडीवर घर घेणाऱ्याकडे तो गेला नाही; एका खोलीत दहा जण राहणाऱ्या मजुराकडे गेला, ज्याने मध्यवस्तीतील घराचे भाडे वाढवणे केवळ अशक्य होते.

दूरस्थ काम करणारा भारतीय तरुण या दोहोंच्या मधे सापडतो. वकिलातीच्या खिडकीपाशी त्याची मिळकत दिसते, वर्ण दिसत नाही. बेन्फोर्मोझुच्या गल्लीत वर्ण दिसतो, मिळकत दिसत नाही. कपाळावर ३,६८० युरो लिहिलेले नसतात. तो ज्या दाराने आत आला त्या दाराचा मान त्याला रस्त्यावर मिळत नाही. रस्ता त्याची गणना दुसऱ्या दाराने आलेल्यांत करतो. अशा वेळी ‘आम्ही त्यांच्यातले नव्हे’ असे सांगत सुटण्याचा मोह अनेक सुशिक्षितांना होतो. परदेशस्थ भारतीयांच्या बैठकांत हा सूर ऐकू येतो आणि तो जितका लाजिरवाणा तितकाच निरुपयोगी आहे. ओदेमिराच्या मजुराला कायद्याचे संरक्षण राहिले तरच त्याच रंगाच्या संगणकतज्ज्ञाला रस्त्यावर सुरक्षितता राहील. चौपट पगार हा मताधिकार नव्हे. करदाता होऊनही राष्ट्रीय कायदेमंडळात त्याचा आवाज नाही, आणि त्याच्या बाजूने बोलणारे पोर्तुगीज आहेत ते मजुरांच्या हक्कांसाठी लढणारेच आहेत.

महाराष्ट्राला आणि गोव्याला यजमानाची बाजूही ठाऊक नाही असे नाही. करोनानंतर दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या पगारावर काम करणारे हजारो लोक गोव्यात उतरले. त्यांना व्हिसाची गरज नव्हती, आणि स्वदेशात कोठेही राहण्याचा त्यांचा हक्क घटनेनेच दिलेला आहे. परंतु आसगाव, शिवोली, हणजूण येथील भाडी स्थानिक शिक्षकाच्या वा हॉटेल कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली, ती याच गणिताने. त्यात एक विलक्षण उपकथानक आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. त्या आधारे हजारो गोमंतकीय, ब्रिटन युरोपीय संघात होते तेव्हा, स्विंडनसारख्या गावी जाऊन गुदामांत व कारखान्यांत राबू लागले. बार्देशातील वडिलोपार्जित घराला कुलूप, मालक स्विंडनच्या गुदामात, आणि ओसरीवर दिल्लीचा भाडेकरू संगणक उघडून बसलेला. लिस्बनची सारी कथा एका घरात मावली.

भारताने दूरस्थ कामगारांसाठी स्वतंत्र व्हिसा २०२५ अखेरपर्यंत सुरू केलेला नव्हता. तो करावा, अशी इच्छा गोव्यातून वेळोवेळी व्यक्त झाली आहे. हा विचार मुळातच टाकाऊ नाही. परंतु ‘परकीय चलन येईल’ एवढ्यावर तो निकालात काढला जाऊ नये. किती काळ राहिल्यावर कोणता कर, राहत्या घरांचे पर्यटकगृहांत रूपांतर किती टक्क्यांपर्यंत, वाढीव महसुलातील कोणता हिस्सा पंचायतीच्या हद्दीत भाड्याची स्वस्त घरे बांधण्यासाठी, या गोष्टी व्हिसाच्या आधी कायद्यात याव्यात. पोर्तुगालने त्या नंतर आणू पाहिल्या आणि तोवर बार्सेलोनापासून मेक्सिको सिटीपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. मेक्सिको सिटीत तर ज्या महापौरांनी २०२२ मध्ये दूरस्थ कामगारांना आमंत्रणे देण्याचा करार केला, त्याच राष्ट्राध्यक्ष असताना जुलै २०२५ मध्ये त्या पाहुण्यांविरुद्ध मोर्चे निघाले.

बाहेर जाणाऱ्यांविषयीही दिल्लीचे कर्तव्य आहे. भारतीय मजुरांना रीतसर पोर्तुगालात पाठवण्याचा करार उभय सरकारांनी सप्टेंबर २०२१ मध्ये केला. नियमितीकरणाची वाट बंद झाल्यावर तर दलालांच्या तावडीतून मजुराला सोडवण्यासाठी या कराराचीच गरज वाढली आहे. संगणकतज्ज्ञाला बोलावणाऱ्या देशाशी वाटाघाटी करताना फळे खुडणाऱ्याचाही विषय त्याच टेबलावर, त्याच दिवशी ठेवला गेला पाहिजे.